लाल रंगातल्या वस्त्या

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "असल्या गरीब, पडक्या वस्तीत कर्ज देऊन तुमच्या संस्थेचे पैसे बुडत नाहीत का?" जन्मभर बँकेत कर्जाच्या फायली तपासलेला माणूस दुसरं काय विचारणार! तेव्हा घाईत होते, म्हणून आता सविस्तर लिहितेय.

इथे अमेरिकेत १९३०च्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे केले आणि 'धोक्याच्या' वस्त्या लाल रंगाने रंगवल्या. कृष्णवर्णीयांच्या बहुतेक वस्त्या त्यातच. सरकारी कर्जहमीही तिथे मिळेना. कर्ज नाही म्हणून डागडुजी नाही, डागडुजी नाही म्हणून घरांची किंमत नाही, आणि किंमत नाही म्हणून पुन्हा कर्ज नाही. बँका म्हणायला मोकळ्या, "बघा, आम्ही सांगतच होतो!" गंमत म्हणजे ठेवी घेताना पत्ता कोणी बघत नव्हतं. शेवटी १९७७ साली कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट ॲक्ट आला: जिथून ठेवी घेता तिथल्या गरिबांनाही कर्ज द्या, अर्थात पारखून.

आई, तू म्हणालीस, पाडून नवीन का नाही बांधत? अगं, पाडलं की राहणारे पांगतात, आणि पांगलेले सहसा परतत नाहीत. म्हणून सध्या आम्ही एका जुन्या इमारतीच्या खिडक्या बदलतोय. अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगावर बंदी आली १९७८ला, ही इमारत त्याआधीची. खिडकी वर-खाली केली की रंग घासून बारीक विषारी धूळ चौकटीत साचते. रांगतं मूल तिथे हात टेकवतं आणि तीच बोटं तोंडात घालतं. फोटोत दाखवण्यासारखं काम नाही, पण मला सगळ्यात आधी हेच करावंसं वाटतं.

पैसा आला की मात्र दुसरंच संकट. वस्ती सुधारते, भाडी चढतात आणि जुने भाडेकरूच बाहेर पडतात. परवडणाऱ्या भाड्याची घरं बांधणाऱ्यांना करात सूट देणाऱ्या १९८६च्या योजनेतल्या घरांची भाडी साधारण ३० वर्षं आटोक्यात राहतात, पुढे हमी नाही. म्हणून मला लँड ट्रस्ट जास्त पटतो. जमीन ट्रस्टची, घर तुमचं, जमिनीचा भाडेपट्टा बहुधा ९९ वर्षांचा, आणि विकताना किंमत आधी ठरलेल्या सूत्रानेच. बॉस्टनमध्ये डडली स्ट्रीटच्या रहिवाशांच्या संघटनेला तर १९८८मध्ये पडीक भूखंड सक्तीने संपादन करायचा अधिकार मिळाला!

तुम्ही म्हणाल, मग घर घेऊन नफा काय? नफा कमीच, बाबा, खोटं कशाला सांगू. पण पुढच्या कुटुंबालाही तेच घर परवडतं.

इकडे याल तेव्हा एका प्रकल्पाचा हिशेब दाखवते, नावं झाकून. व्याजदर कुठे फसलाय ते सांगा. आई, गुडघ्याचे व्यायाम टाळू नकोस.

कळावे,
तुमची लेक