शस्त्रक्रियेआधी चोरून चहा पाजू नका

महोदय,

शस्त्रक्रियागृहात परिचारिका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. पाटण खोऱ्यातल्या आयाबायांना कळकळीने सांगते : ‘पोरीच्या पोटात सकाळपासून काही नाही’ म्हणून पदराआडून दुधाचा चहा, बिस्किटं देऊ नका. माया खरी, पण भूल दिल्यावर खोकला, गिळणं सगळं थांबतं. पोटातलं वर येऊन फुप्फुसात शिरू शकतं. मग कितीही घाईने सक्शन (नळीने ओढून काढायचं यंत्र) लावा, आम्लाने फुप्फुस भाजायचं ते भाजतं. जेवण आणि दूध किमान ६ तास आधी बंद, साधं पाणी २ तास आधीपर्यंत चालतं. दिलंच असेल तर सांगा. शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते, तातडीची असेल तर भूल देण्याची रीत बदलता येते.

हलणारा दात, कवळी, रात्रीचं घोरणं हेही भूलतज्ज्ञाला सांगा. रक्त पातळ करणारी गोळी लपवली तर रक्तस्राव आवरत नाही, आणि मनाने बंद केली तर गुठळी होण्याचा धोका. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर ‘चालवा’ म्हणाले की रुग्णाला उठवून चालवा. पडून राहिल्याने पायात झालेली गुठळी फुप्फुसात जाऊन अडकू शकते. लेकरू दमलंय म्हणून झोपवून ठेवू नका.

ग्रामीण रुग्णालयांनी हे नियम वॉर्डाच्या भिंतीवर ठळक मराठीत लिहावेत, आणि आदल्या संध्याकाळी परिचारिकेने नातेवाइकांना वाचून दाखवावेत.

– एक निवृत्त परिचारिका, पाटण (जि. सातारा)