मोफत मराठी ई-पुस्तकांबाबत सभासदांना सूचना

परदेशात मराठी पुस्तके मिळत नाहीत, अशी तक्रार सभासदांकडून वारंवार येत असल्याने कायदेशीररीत्या मोफत वाचता येणाऱ्या ठिकाणांचे पुन्हा एकदा स्मरण करून देत आहोत. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशने मंडळाच्या संकेतस्थळावरून पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येतात. मराठी विश्वकोशही ऑनलाइन खुला आहे, आणि नव्या लेखकांचे लेखन वाचायचे असल्यास ई-साहित्य प्रतिष्ठानाची पुस्तके जरूर पाहावीत. इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहात जुने पुस्तक शोधताना मात्र केवळ देवनागरीत नाव टाकून थांबू नये, कारण तेथील बऱ्याच जुन्या प्रतींची नोंद रोमन लिपीत, तीही मनाला येईल त्या स्पेलिंगने झालेली आहे. ‘श्री’ एकदा ‘एस-एच’ने आणि एकदा नुसत्या ‘एस’ने लिहून पाहावे. अशी स्कॅन केलेली पाने लहान ई-रीडरवर वाचवत नाहीत, त्यापेक्षा टॅबलेट बरा. भारतात लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, इतरत्र ही मुदत वेगळी असू शकते. म्हणून आजच्या लेखकांच्या पुस्तकांच्या बेकायदा प्रती गटावर टाकू नयेत, त्या आढळताच काढून टाकल्या जातील.