पत्रकातली चौथी ओळ

लेस्टर, इंग्लंड
9 नोव्हेंबर 2025

ती. सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा फराळाचा डबा पोचला. चकल्यांचा प्रवासात चुरा झाला होता, तो आम्ही चमच्याने संपवला. डब्यात घडी करून ठेवलेला पत्रकाचा मसुदाही मिळाला आणि हे पत्र त्याविषयीच आहे. फोनवर बोलता आले असते, पण फोनवर तू मला मध्येच थांबवतेस आणि या बाबतीत मला माझे म्हणणे शेवटपर्यंत मांडायचे आहे.

जानेवारीत साताऱ्यात रेकीच्या, म्हणजे अंगावर हात ठेवून ऊर्जा देण्याच्या जपानी पद्धतीच्या, पहिल्या पातळीचा दोन दिवसांचा वर्ग घ्यायचा आणि त्यानंतर दर गुरुवारी ऑनलाइन सराव ठेवायचा, हा तुझा बेत मला पसंत आहे. शिकवण्यातले मला काही सांगायचे नाही, कारण मी कधी शिकवलेले नाही. गेली सहा वर्षे मी नोकरी सांभाळून अशा वर्गांची केवळ व्यवस्था पाहते आहे: सभागृह ठरवणे, नावे नोंदवणे, पैसे घेणे, पांघरुणे धुणे आणि झूमवर दाराशी उभे राहून एकेकाला आत घेणे. पण वर्ग बिघडतो तो बहुधा याच कामांत, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की तुला चार गोष्टी सांगण्याचा अधिकार मला आहे असे मी धरून चालते.

पहिली गोष्ट म्हणजे पत्रकातली चौथी ओळ काढून टाक. ‘मधुमेह, रक्तदाब, संधिवात व वंध्यत्व यांवर खात्रीशीर उपाय’ ही ती ओळ. ती तू स्वतः लिहिली असशील असे मला वाटत नाही; कुणाच्या तरी जुन्या पत्रकावरून ती उतरली असावी, कारण हीच ओळ, शब्दांचा क्रमसुद्धा न बदलता, मी इथेही पाहिली आहे.

सुरुवातीला मी ज्या संयोजकांकडे मदतीला जात असे त्यांच्या पत्रकावर अशीच आजारांची यादी होती. मार्च 2020 मध्ये इथे टाळेबंदी झाली, वर्ग ऑनलाइन गेले आणि चौकशीचे फोन घेण्याचे काम माझ्याकडे आले. एका संध्याकाळी एका मराठी बाईंनी फोन केला. त्यांच्या स्तनात गाठ निघाली होती, शस्त्रक्रियेची तारीख मिळाली होती, आणि वर्ग पूर्ण होईपर्यंत ती तारीख पुढे ढकलली तर चालेल का, एवढेच त्यांना विचारायचे होते. भाजी कधी आणू, असे विचारावे तितक्या साध्या आवाजात त्यांनी ते विचारले. या प्रश्नाला उत्तर एकच होते आणि ते देण्यासाठी डॉक्टर असण्याची गरज नव्हती. तरीही मी ‘विचारून सांगते’ म्हणाले. संयोजकांचे मत पडले की आपण काही सांगू नये, निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. जणू पत्रकातून आपण आधीच सांगून झालेलो नव्हतो! दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंना फोन करून सांगितले की तारीख मुळीच बदलू नका आणि भरलेले पैसे परत मिळतील. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि त्यानंतर त्यांनी माझा फोन कधी उचलला नाही. मी ते काम त्याच महिन्यात सोडले, पण ती एक रात्र मी उत्तर हातात असून थांबले, हे माझ्या मनातून जात नाही. तुझ्या चौथ्या ओळीने तुझ्याकडेही असा एक फोन येईल, ताई, आणि तो तू शिकवत असताना येईल.

कायद्याचे म्हणशील तर इथे कर्करोगावर उपचार करतो अशी जाहिरात करणे 1939 पासून गुन्हा आहे. आपल्याकडे जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा केंद्रीय कायदा 1954 चा आहे; त्याच्या परिशिष्टातल्या 54 आजारांच्या यादीत मधुमेह आहे, रक्तदाब आहे, संधिवात आहे आणि स्त्रियांचे वंध्यत्वही आहे, म्हणजे तुझे चारही तिथेच सापडतात. महाराष्ट्राचा 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा मुख्यतः अघोरी प्रथांसाठी आहे आणि तुझ्या वर्गाचा त्याच्याशी संबंध येऊ नये. पण साप चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्राने बरे करू पाहणे हा त्यात गुन्हा आहे, आणि योग्य उपचारापासून माणसाला अडवू नये हे त्यातले तत्त्व आपल्यालाही लागू पडते.

भावजींनी हे पत्रक पाहिले आहे का? मला शंका आहे की तू ते त्यांच्यापासून लपवले असशील. ज्यांनी साताऱ्यात डॉक्टर दाभोलकरांची व्याख्याने पहिल्या रांगेत बसून ऐकली त्यांच्या घरातून हा कागद बाहेर पडणे बरे नव्हे. त्यांना दाखव, आणि ते एमिली रोझा या मुलीचा प्रयोग सांगू लागले तर ऐकून घे. ही अमेरिकेतली नऊ वर्षांची मुलगी. रेकीसारखाच, हाताने ऊर्जा जाणवल्याचा दावा करणारा ‘थेरप्युटिक टच’ नावाचा प्रकार तिथल्या परिचारिकांमध्ये रूढ होता. एमिलीने मध्ये पुठ्ठ्याचा पडदा उभा केला, त्याच्या भोकांतून उपचारकाने दोन्ही हात पुढे काढायचे, आणि नाणे उडवून ती त्यांपैकी एका हातावर आपला हात अधांतरी धरायची. कोणत्या हाताशी तिचा हात आहे एवढेच उपचारकाने ओळखायचे. एकूण 21 उपचारकांनी 280 वेळा प्रयत्न केले आणि 123 वेळा, म्हणजे 44 टक्के, उत्तर बरोबर आले. डोळे मिटून अंदाज बांधला तरी निम्मी उत्तरे बरोबर यावीत. हा निबंध 1998 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला.

मग मी हे काम का करते, असे तू विचारशील. मी पहिल्यांदा वर्गाला गेले तेव्हा रात्रपाळीमुळे माझी झोप उडाली होती, आणि त्या दुपारी टेबलावर पडल्या पडल्या मला जी झोप लागली तशी कित्येक महिन्यांत लागली नव्हती. ती ऊर्जेने लागली, की उबदार खोलीत कुणीतरी तासभर काहीही न मागता डोक्यावर हात ठेवून बसल्याने लागली, हे मला सिद्ध करता येत नाही. म्हणून आमच्या पत्रकावर आता ‘विश्रांती’ हा शब्द आहे, ‘उपचार’ हा नाही. आणि खाली, वरच्याच आकाराच्या अक्षरांत, ‘डॉक्टरांनी दिलेली औषधे व उपचार चालू ठेवावेत’ असे वाक्य आहे. चौथ्या ओळीच्या जागी तू हेच वाक्य घाल. आमच्याकडे त्याने चार नावे कमी झाली असतील, पण जी माणसे येतात ती काय घ्यायला आलो आहोत हे जाणून येतात.

दुसरी ओळही दुरुस्त करावी लागेल. रेकीचे संस्थापक मिकाओ उसुई हे ख्रिस्ती विद्यापीठाचे प्राचार्य होते ही कथा रेकी जपानबाहेर नेणाऱ्या हवाईच्या हवायो ताकाता सांगत असत. क्योटोच्या दोशिशा विद्यापीठाच्या नोंदींत त्याला आधार सापडलेला नाही. उसुई 1865 मध्ये जन्मले, 1922 मध्ये त्यांनी क्योटोजवळच्या कुरामा पर्वतावर 21 दिवसांचे अनुष्ठान केले, पुढे तोक्योत शिकवले आणि 1926 मध्ये ते वारले. शिष्यांनी 1927 मध्ये उभारलेल्या स्मारकशिळेवर त्यांच्या शिष्यांची संख्या दोन हजारांवर दिली आहे. एवढे पुरेसे आहे. प्राचार्यपदाची गरज नाही.

आता सभागृहाविषयी. मंगल कार्यालयाचा मोठा हॉल स्वस्तात मिळतो आहे हे खरे, पण तो घेऊ नकोस. निश्चल पडून राहिलेल्या माणसाला दहा मिनिटांत थंडी वाजू लागते आणि मोठा हॉल जानेवारीच्या सकाळी ऊब धरत नाही. शाळेचा एखादा वर्ग किंवा ग्रंथालयाची वरची खोली बरी. ठरवण्यापूर्वी ज्या वाराला आणि ज्या वेळेला वर्ग असेल, नेमक्या त्याच वेळी तिथे जाऊन अर्धा तास बस. आम्ही एकदा चर्चला लागून असलेली अतिशय शांत खोली मंगळवारी पाहिली आणि शनिवारी वर्ग भरवला. शनिवारी वरच्या मजल्यावर झुंबा चालतो हे आम्हाला पहिल्या ध्यानाच्या वेळी समजले.

बारा माणसे घेतलीस तर सहा टेबले लागतील, कारण निम्मी झोपतात आणि निम्मी हात ठेवतात. हातांच्या बारा स्थानांना प्रत्येकी पाच मिनिटे धरली तरी एका फेरीला तास जातो, मग अदलाबदल. अशा दोन फेऱ्या दिवसभरात पुष्कळ झाल्या. टेबले नसतील तर सतरंजीवर गाद्या चालतील, पण मग गुडघे दुखणाऱ्यांसाठी खुर्च्या ठेव. खुर्चीवर बसूनही सगळे करता येते हे आधीच सांग, म्हणजे कुणाला ओशाळे वाटणार नाही. जेवण हलके असू दे. आमच्याकडे एका हौशी सभासदाने दुपारी सर्वांना पुरणपोळी वाढली, आणि तीन वाजता बारापैकी सात जण घोरत होते. ऊर्जा फार जोरात आली, असे एक जण म्हणाला. मला तरी ती पुरणाची वाटली.

स्पर्शाविषयी मात्र तू काहीच लिहिलेले नाहीस. अनोळखी माणसाने अंगावर हात ठेवणे सर्वांना चालत नाही आणि साताऱ्यात तर परक्या पुरुषासमोर डोळे मिटून झोपायलाच काही बायका तयार होणार नाहीत. पण त्या वर्गात तसे बोलून दाखवणार नाहीत, फक्त दुसऱ्या दिवशी येणार नाहीत. म्हणून नोंदणीच्या अर्जातच विचार: स्पर्श चालेल, की हात चार बोटे वर धरायचा, आणि जोडी कुणाबरोबर हवी. त्याच अर्जात आजारांची यादी मात्र मागू नकोस. ती माहिती जपण्याची जबाबदारी आपल्यावर येते आणि तिचा आपल्याला उपयोग नसतो. पाठीवर झोपणे जमते का आणि काही झाले तर कुणाला फोन करायचा, एवढे कळले म्हणजे झाले.

शुल्काबाबत तुझी अडचण मला समजते. ताकाता मास्टरच्या, म्हणजे शिकवणाऱ्याच्या, पातळीला 10,000 डॉलर घेत आणि 1980 मध्ये त्या वारल्या तोवर त्यांनी 22 मास्टर घडवले. फुकट मिळालेल्याची माणसाला किंमत राहत नाही, असे त्या सांगत, आणि पुराव्यादाखल उसुईंनी बरे केलेले भिकारी पुन्हा भीक मागू लागले ही गोष्ट सांगत. मला ही गोष्ट आवडत नाही. भिकाऱ्याला काम कुणी दिले होते, हे ती सांगत नाही. आम्ही खोलीचे भाडे, विमा आणि शिक्षकांचे मानधन यांची बेरीज करून ती बारांत नव्हे तर नवांत भागतो आणि तीन जागा जमेल तेवढे देणाऱ्यांसाठी ठेवतो. त्या तीन कोण, हे फक्त मला माहीत असते.

ऑनलाइन वर्गात दीक्षा देता येते की नाही यावर रेकीवाल्यांमध्ये कडाक्याचे वाद आहेत, त्यात मी पडत नाही. माझे मत व्यवस्थापकाचे आहे: हाताचे वजन समोरच्याच्या खांद्यावर पडते आहे हे शिक्षकाला पडद्यावर दिसत नाही, म्हणून पहिली पातळी समोरासमोर असावी आणि ऑनलाइन फक्त सराव. त्यासाठी झूमचे वर्षाचे पैसे भर. फुकटचे खाते 40 मिनिटांत बैठक बंद करते, आणि नेमकी ती वेळ डोळे मिटलेले असताना येते. घंटेचा किंवा वाडग्याचा नाद ऐकवणार असशील तर ‘ओरिजिनल साउंड’ चालू कर, नाहीतर झूम तो नाद गोंगाट समजून गिळून टाकते. शांततेच्या आधी ‘आता दहा मिनिटे आवाज येणार नाही’ असे सांग. न सांगितल्यास चौथ्या मिनिटाला कुणीतरी ‘हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?’ म्हणतेच. आणि ध्वनिचित्रमुद्रण करू नकोस. माणसे या वर्गात रडतात.

शेवटचे म्हणजे वेळ. 26 ऑक्टोबरला इथली घड्याळे तासभर मागे गेली आणि मी भारतातल्या सभासदांना कळवायला विसरले. आमचे सकाळचे दहा म्हणजे तिकडचे अडीच वाजले असे धरून पुणे-नाशिकची नऊ माणसे तासभर प्रतीक्षाकक्षात बसून राहिली, त्यातल्या दोघींनी तर दार उघडेपर्यंत आपसात फोनवर सराव उरकून घेतला होता.

तू दर गुरुवारी संध्याकाळी सातची वेळ ठेवणार आहेस. ते माझे दुपारचे दीड वाजलेले असतील, जेवणाची सुट्टी. तेव्हा झूमच्या दाराशी मी उभी राहीन, तू निश्चिंत शिकव. 29 मार्चला मात्र घड्याळे पुन्हा पुढे जातील, तुझे सात म्हणजे माझे अडीच होतील आणि मी कामावर असेन. तोवर दार सांभाळायला कुणीतरी तयार कर. भावजी झाले तर उत्तम; औषध बंद करू का असे कुणी विचारलेच, तर ते उत्तर द्यायला दुसऱ्या दिवसापर्यंत थांबणार नाहीत.

सुधारलेले पत्रक छापण्यापूर्वी मला पाठव. भावजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
मंदा