ठिपक्यांच्या आलेखाबद्दल आभार

आदरणीय मॅडम,

स. न. वि. वि.

आपले नाव जाहीर करू नये अशी आपली इच्छा असल्यामुळे हे पत्र बिननावाचेच लिहीत आहे. वडिलांच्या कंपवातासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया करावी की नाही, या विचाराने आम्ही घरचे सगळे हैराण झालो असताना आपण दोन संध्याकाळी आमच्यासाठी मोकळ्या ठेवल्या आणि लॅपटॉपवर मेंदूचे संगणकीय प्रारूप चालवून दाखवले. त्याबद्दल रीतसर आभार मानायचे राहून गेले होते.

आमची शंका अगदी साधी होती. डोपामिन हे मेंदूतले रसायन कमी झाले की सबथॅलॅमिक न्यूक्लियस हा मेंदूतला लहानसा भाग प्रमाणाबाहेर चेतवला जातो, तो ग्लोबस पॅलिडस या शेजारच्या भागाला चेतवतो आणि पॅलिडस हालचालीच्या सूचना पुढे पोचवणाऱ्या थॅलॅमसला ब्रेकसारखा दाबून धरतो, म्हणून हालचाल अडते, एवढे आम्ही वाचले होते. मग आधीच चेकाळलेल्या भागाला सेकंदाला 130 वेळा विजेचे स्पंद देऊन माणूस बरा कसा चालू लागेल? हा प्रश्न मी दुसरीकडेही विचारला होता आणि ‘ते तांत्रिक आहे’ एवढेच उत्तर मिळाले होते. आपण मात्र कागद पुढे ओढून 1989–90च्या सुमारास मांडली गेलेली ती ब्रेकची आकृती काढली आणि ती कुठे अडते तेही लगेच दाखवले. पॅलिडसचा आतला भाग शस्त्रक्रियेने निकामी केला, तर ब्रेक सुटून अनैच्छिक हालचाली वाढायला हव्यात. प्रत्यक्षात औषधांमुळे सुरू झालेल्या तशा हालचाली त्याने कमी होतात. म्हणजे ब्रेक किती दाबला आहे एवढाच प्रश्न नसून तो कोणत्या लयीत दाबला जात आहे हाही प्रश्न आहे, हे वाक्य मी तेव्हाच वहीत उतरवून घेतले.

त्यानंतर आपण जे दाखवले ते अजून डोळ्यांसमोर आहे. पडद्यावर प्रत्येक ओळ म्हणजे एक चेतापेशी आणि प्रत्येक ठिपका म्हणजे तिने सोडलेला एक संदेश. निरोगी अवस्थेत ठिपके कसेही विखुरलेले होते. कंपवाताची अवस्था दाखवण्यासाठी आपण एकच आकडा बदलला आणि ते उभ्या पट्ट्यांमध्ये गोळा झाले; सगळ्या पेशी एकदम बोलायच्या आणि एकदम गप्प व्हायच्या. खाली थॅलॅमसची ओळ होती. तिला मिळणाऱ्या प्रत्येक सूचनेला एक उत्तर यायला हवे, पण पट्ट्या उमटू लागताच काही सूचना कोरड्या गेल्या, तर काहींना दोन-दोन उत्तरे आली. बाबा शर्टाचे बटण काजापर्यंत नेऊन तिथेच अडकतात, तेव्हा आम्ही त्यांना ‘जरा जोर लावा’ म्हणत असू, याची त्या क्षणी लाज वाटली.

मग आपण स्पंद सुरू केले. पॅलिडस शांत होईल अशी माझी अपेक्षा होती. तो उलट अधिकच वेगाने, पण एकसारखा बोलू लागला आणि थॅलॅमस पुन्हा सूचनेगणिक एक उत्तर देऊ लागला. सततच्या दाबाशी जुळवून घेता येते, हिसक्यांशी नाही, असे आपण म्हणालात. रुबिन आणि टर्मन या गणितज्ञांनी 2004 मध्ये हेच प्रारूपातून मांडले होते, हेही आपण सांगितले.

या सगळ्याच्या मुळाशी 1952 साली हॉजकिन आणि हक्स्ली या शास्त्रज्ञांनी माकूळाच्या जाड चेतातंतूवरून बांधलेली, चेतापेशी संदेश कसा सोडते हे सांगणारी समीकरणे आहेत आणि त्या वेळी संगणक हाताशी नसल्याने हक्स्लींनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर ती सोडवली, हे ऐकून बाबा कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने हसले. त्यांची उभी हयात हिशेबाच्या कामात गेली आहे.

सर्वात मोठे आभार मात्र आपण जे सांगायचे नाकारले त्यासाठी. ‘बाबांना किती फरक पडेल?’ या माझ्या प्रश्नावर आपण लॅपटॉप मिटला आणि म्हणालात, की या प्रारूपात जेमतेम काही डझन पेशी आहेत, माणसाच्या मेंदूत सुमारे 8,600 कोटी. यंत्रणा कशी बिघडते हे यातून कळते, एका माणसाचे भविष्य कळत नाही. चालताना तोल जाणे या उपचाराने बहुधा सुधारणार नाही, हेही आपण आडपडदा न ठेवता सांगितले. निर्णय घेणे आम्हाला सोपे गेले ते त्यामुळे.

शस्त्रक्रियेनंतर उपकरणाची जुळवणी चालू असताना विद्युतप्रवाह थोडा वाढवताच बाबांची जीभ जड झाली. आई घाबरली, मला आपण दाखवलेले दुसरे चित्र आठवले, ज्यात इलेक्ट्रोडभोवतीचे विद्युतक्षेत्र शेजारून जाणाऱ्या तंतूंच्या जुडग्यापर्यंत पसरले होते. डॉक्टरांनी इलेक्ट्रोडवरचा वरचा संपर्कबिंदू निवडला आणि उच्चार पूर्ववत झाला. हाताचा कंप आता बराच कमी आहे, बटणे लागतात. तोल मात्र आपण म्हणालात तसाच आहे.

आणखी एक निरोप द्यायचा आहे. बाबांच्या उपकरणाला स्पंद देण्याबरोबरच आतल्या लहरी टिपताही येतात. त्या नोंदी आपल्या अभ्यासाला उपयोगी पडणार असतील, तर योग्य त्या परवानग्या घेऊन त्या देण्यास ते तयार आहेत. त्यांची एकच अट आहे: त्यातून जो आलेख निघेल, तो आधी त्यांना दाखवावा.

आपली कृतज्ञ,
आपल्यासमोर वही घेऊन बसलेली मुलगी