झाडायचं वेगळं, ठेवायचं वेगळं

ह्यूस्टन

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

रेंजवर दर शनिवारी चालवायला आणि पुढेमागे संग्रहाची सुरुवात म्हणूनही चालेल असं एकच .२२ रिव्हॉल्व्हर घ्यावं, असा तुझा बेत दिसतो. एकात दोन्ही साधणार नाही. रोज चालणाऱ्या रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरभोवती रेघ उमटणारच, नळीच्या तोंडाची निळी झिलई उडणारच, आणि संग्राहक पैसे मोजतो तो नेमके तेवढ्यासाठी. म्हणून आधी झाडायचं घे. ठेवायचं नंतर घेतलंस तरी काही बिघडत नाही.

लहान बोअरचं पहिलं सुख म्हणजे धक्का जवळजवळ नाही. .२२ लाँग रायफलची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅमची, हातातलं पोलाद किलोभराचं. त्यामुळे नेम चुकला की दोष काडतुसावर टाकायला सबब उरत नाही. उजव्या हाताने झाडणाऱ्याच्या गोळ्या खाली-डावीकडे गोळा होत असतील, तर तो चाप ओढत नाहीये, हिसकतोय. हे पडताळायला एक सोपा सराव आहे. सहा घरांच्या, म्हणजे काडतुसं बसतात त्या सहा भोकांच्या, सिलिंडरमध्ये चार जिवंत काडतुसं आणि दोन झाडलेली टरफलं घाल, न बघता फिरवून बंद कर आणि झाड. घोडा टरफलावर पडतो तेव्हा नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी खाली बुडी मारते का तेवढंच बघायचं. मोठ्या बोअरमध्ये हीच बुडी धक्क्याखाली झाकून जाते आणि वर्षानुवर्षं लक्षात येत नाही.

आता यंत्राकडे. .२२ मध्ये ठिणगीचं मिश्रण काडतुसाच्या बुडाच्या कडेत भरलेलं असतं, मधोमध नाही. पेटवायला ती पितळी कड चेचावी लागते, म्हणून घोड्याला जोर जास्त लागतो, आणि म्हणून .२२ चा डबल अ‍ॅक्शन चाप (एकाच ओढीत घोडा मागे नेऊन सोडणारा) त्याच बांध्याच्या .३८ पेक्षा जड लागतो. बरेच जण इथे फसतात. चाप हलका व्हावा म्हणून मुठीच्या पुढच्या पट्टीतला, कमानीला ताण देणारा स्क्रू सैल करतात किंवा हलकी कमान बसवतात, आणि मग सहातली दोन काडतुसं पेटत नाहीत. स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये असं आढळलं तर आधी तो स्क्रू पूर्ण आवळलेला आहे का बघ. अर्धा आजार तिथेच बरा होतो. काडतूस पेटलं नाही तर नळी निशाण्याकडेच धरून ३० सेकंद थांब, मगच सिलिंडर उघड. कडेत मिश्रण कधी कधी सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं; तेच काडतूस अर्धा वळसा फिरवून परत घातलं तर बहुतेक वेळा पेटतं. आवाज नुसता फुस्स झाला तर मात्र पुढची गोळी झाडू नकोस. आधीची नळीत अडकलेली असू शकते. सगळं रिकामं करून नळीतून सळई आरपार जाते का ते बघ.

दुसरी तक्रार टरफलं अडकण्याची. .२२ लाँग रायफलची गोळी टरफलाइतक्याच जाडीची असते, फक्त तिची टाच टरफलात बसवलेली असते. त्यामुळे तिच्यावरचं मेण आणि शिसं थेट सिलिंडरच्या घराला लागतं. शे-दीडशे गोळ्यांनंतर काडतूस अंगठ्याने दाबून बसवावं लागतं. यावर उपाय एकच, ब्राँझचा ब्रश आणि सॉल्व्हंट; प्रत्येक घरातून पाच-सहा फेऱ्या. त्याच सिलिंडरमधून .२२ शॉर्ट, म्हणजे आखूड काडतुसं, झाडल्यास तर आखूड टरफलाच्या पुढे घरात काजळीचं कडं जमतं आणि नंतर लांब काडतूस त्या कड्यावर अडतं. लोकांना वाटतं घर खराब झालं. ते कडं खरवडायचं नाही, भिजवून ब्रशने काढायचं.

टरफलं बाहेर काढताना नळी आकाशाकडे हवी आणि टरफलं ढकलायची दांडी एका दमात, शेवटपर्यंत दाबायची. नळी आडवी धरलीस तर न जळलेल्या दारूचे कण टरफलं ढकलणाऱ्या चांदणीखाली शिरतात, चांदणी पुरती बसत नाही, आणि सिलिंडर घासत फिरू लागतो. चाप एकाएकी जड झाला तर आधी चांदणीखाली दात घासायचा ब्रश फिरव. तरीही सिलिंडर उघडत किंवा फिरत नसेल तर ढकलदांडीचे आटे सुटून ती पुढे आली असेल. नंतरच्या स्मिथ अँड वेसनमध्ये हे आटे उलटे आहेत, आणि दांडी फिरवताना घरांत रिकामी टरफलं घालून ठेवावी लागतात, नाहीतर चांदणीवर ताण येतो.

जुना माल बघायला जाशील तेव्हा विजेरी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) खिशात असू दे. विकणाऱ्याची परवानगी घे, रिकामं आहे याची दोनदा खात्री कर, मग घोडा अंगठ्याने अगदी हळू मागे ओढ. घोडा पूर्ण मागे पोचायच्या आत सिलिंडर टक् करून अडकला पाहिजे, आणि हे प्रत्येक घराला वेगळं तपास. एखादंच घर आळशी असतं. नळी आणि सिलिंडरमधली फट ०.१० ते ०.२० मिलिमीटर चांगली. .२२ ची दारू मळकट असल्याने ०.०८ च्या खालची फट मी चांगली मानत नाही, पन्नास गोळ्यांत घासायला लागते. ०.२५ च्या वर गेली तर शिशाचे कण बाजूला उडतात. सिलिंडर पुढे-मागे हलवून बघ. आडवं किंचित हलणं चालतं, पुढे-मागे ठकठक आवाज आला तर भाव पाडून माग किंवा सोडून दे. नळीत विजेरी टाकल्यावर आत काळसर कडं दिसलं तर तिथे कधीतरी अडकलेल्या गोळीवर दुसरी गोळी झाडलेली आहे.

एक दोष फक्त .२२ मध्येच बघायचा असतो. घरांच्या मागच्या कडेवर बारीक खाच आहे का? रिकामं चालवून चालवून घोड्याची टोची पोलादाच्या कडेवर आपटते आणि कडेचा चुरा आत ढकलला जातो. मग त्या घरात काडतूस नीट बसत नाही. कुशल कारागीर आतून दाबून ते सरळ करतो, पण तो खर्च किमतीतून वजा कर. घरी रिकामा सराव करायचा असेल तर भिंतीत स्क्रूसाठी बसवतात ते पिवळे प्लास्टिकचे चार नंबरचे प्लग .२२ च्या घरात अचूक बसतात. काही पैशांचा माल, पण काम चोख. जिवंत काडतुसं त्या वेळी त्या खोलीतच नकोत.

झाडायला कोणतं घ्यावं? माझं मत स्पष्ट आहे: स्मिथ अँड वेसनचं के-२२, म्हणजे १९५७ मध्ये मॉडेलना आकडे आल्यापासूनचं मॉडेल १७, सहा इंची नळीचं. १९३० च्या सुमारास हा वंश सुरू झाला. १९४० मध्ये सुधारलेली आवृत्ती निघाली, पण युद्धाच्या ऑर्डरी येऊन पडल्या आणि ती हजारापेक्षा थोडीच जास्त बनली. ती मिळाली तर झाडायची नाही, ठेवायची. युद्धानंतर मास्टरपीस मालिका आली. त्यात .२२, .३२ आणि .३८ तिन्हींचं वजन हातात सारखं लागावं म्हणून नळीवरच्या पट्टीची रुंदी वेगवेगळी ठेवली: लहान भोकाच्या नळीत पोलाद जास्त उरतं, म्हणून .२२ ची पट्टी अरुंद, .३८ ची रुंद. स्वस्त काडतुसावर सराव करून स्पर्धेत मोठं हत्यार उचललं तरी हाताला फरक कळू नये, एवढा विचार त्यामागे आहे. असं काही दिसलं की या यंत्रांवर जीव का जडतो ते कळतं.

तेवढा खर्च नको असेल तर रुगरचं सिंगल-सिक्स. ते १९५३ पासून बनतंय, सिंगल अ‍ॅक्शन, म्हणजे दर वेळी घोडा अंगठ्याने ओढायचा, आणि एकेक काडतूस बाजूच्या झाकणातून भरायचं. सावकाश हत्यार, पण दणकट. अनेकांसोबत .२२ मॅग्नम या जास्त जोराच्या काडतुसाचा जादा सिलिंडर येतो. सिलिंडर बदलताना त्यावरचा नंबर सांगाड्याशी जुळतो का ते बघ. १९७३ पूर्वीचं तीन स्क्रूंचं असेल तर पाचच काडतुसं भरून घोडा रिकाम्या घरावर ठेवायचा, कारण घोड्यावर आघात झाला तर ते उडू शकतं. कंपनी सुरक्षित भाग बसवून देते आणि जुने भाग परत पाठवते. ते जुने भाग पुडीत बांधून जप. संग्राहक पहिला प्रश्न तोच विचारतो.

आता ठेवायचं. या सगळ्याचं मूळ स्मिथ अँड वेसनचं १८५७ चं मॉडेल १, सात घरांचं, .२२ शॉर्टचं. सिलिंडर आरपार कोरायचं पेटंट रॉलिन व्हाइटचं, ३ एप्रिल १८५५ चं. कंपनी त्याला नगामागे २५ सेंट देत असे, आणि १८६९ पर्यंत दुसऱ्या कोणाला ही रचना कायदेशीर वापरता आली नाही. नक्कल करून हरलेल्या कारखान्यांच्या काही मालावर ‘स्मिथ अँड वेसनसाठी बनवलेले’ असा छाप आहे. तेही आता हौसेने गोळा करतात. मॉडेल १ च्या तीन आवृत्त्या ओळखणं सोपं आहे. पहिलीत सांगाड्याच्या बाजू गोलसर. दुसरीत बाजू सपाट, नळी मात्र पहिलीसारखीच अष्टकोनी. १८६८ नंतरच्या तिसरीत नळी गोल, सिलिंडरला खाचा आणि मूठ पक्ष्याच्या डोक्यासारखी. सुरुवात तिसरीने कर, तीच जास्त दिसते. नळी वर उचलून सिलिंडर पूर्ण बाहेर काढायचा आणि नळीखालच्या खिळ्यावर टरफलं टोचून पाडायची, अशी रचना. वरची बिजागरी झिजून नळी डुलते का बघ. निकेलखाली अक्षरांच्या कडा बोथट असतील तर पॉलिश करून नवा मुलामा दिलेला आहे. आणि हे चालवायचं नाही. ते काळ्या दारूच्या दाबासाठी बनलंय. १८९८ पर्यंत बनलेलं हत्यार इथल्या केंद्रीय कायद्यात पुरातन धरतात, तरी तुझ्या ओहायोचे नियम स्वतंत्रपणे वाच.

त्यानंतरच्या के-२२ मध्ये संग्राहक खोका बघतो (नंबर तळाला हाताने लिहिलेला असतो), आणि जुन्या नगांत लाकडी मुठीच्या उजव्या फळीच्या आतला नंबर बघतो. मूठ उघडायला पात्याच्या बाजू समांतर असलेला स्क्रूड्रायव्हरच वापर. साध्या निमुळत्या पात्याने खाच फाटते आणि तो ओरखडा आयुष्यभर किंमत खातो. कंपनीच्या इतिहास संस्थेकडून नंबरावरून पत्र मिळतं, त्यात माल कधी रवाना झाला ते असतं. ते मागव.

साताऱ्याच्या काकांचं .३२ तू विचारलंस. आपल्याकडे .३८ सामान्य परवान्यावर मिळत नाही, म्हणून परवानेदारांत .३२ पसरलं. कानपूरच्या कारखान्याचं सहा घरांचं .३२ मुळात वेब्ली मार्क ४ या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या घडणीचं, मधून मोडून उघडणारं, आणि काडतूस १८९६ चं .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. काडतूस फार गुणी आहे, चपट्या तोंडाच्या गोळीने कागदाला स्वच्छ भोक पाडतं. काकांना एवढंच सांग की वरची कडी आणि बिजागरी सैल झाली असेल तर ते चालवू नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोनच हत्यारं ठेवता येतात, तेव्हा तिथे संग्रह हा विषयच निघत नाही. तुला इथे आयव्हर जॉन्सन या जुन्या अमेरिकी कंपनीचं .३२ दिसेल, तर मुठीतली कमान बघ: चपटी पट्टी असेल तर काळ्या दारूच्या काळातलं, गुंडाळलेली स्प्रिंग असेल तर १९०९ नंतरचं. पहिलं शोकेसमध्येच ठेव.

ठेवताना चामड्याच्या म्यानात ठेवू नकोस. कातडं कमावताना वापरलेले क्षार दमट हवेत पोलादाला खातात, आणि झिलईवर मिरीएवढे डाग पडतात ते निघत नाहीत. तेलाचा पातळ हात, गंजरोधक कागद आणि कुलूपबंद कपाटात सिलिका जेल. उन्हाळ्यात पुड्या महिन्याने ओव्हनमध्ये वाळव. शनिवारी जाशील तेव्हा नंबर आणि फटीचं माप कळव, मग भावाचं बोलू.

तुझा,
विनायक