‘गेली’ला चूक ठरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकातील मुलांच्या पानावर गेल्या रविवारी दुसरी-तिसरीसाठी व्याकरणाचा सराव छापला होता. ‘कंसातील योग्य रूप निवडा’ यात पहिलेच वाक्य असे : ‘राजू आणि मीना शाळेत ....... (गेला / गेली / गेले).’ पानाच्या तळाशी उलट्या अक्षरांत उत्तर होते, ‘गेले’. आमच्या शेजारची तिसरीतली मुलगी माझ्या ओसरीवर बसून तो सोडवत होती. तिने ‘गेली’भोवती गोल केला, पान उलटे करून उत्तर पाहिले आणि माझ्याकडे खोडरबर मागितले. मी दिले नाही.

कारण ‘गेली’ बरोबर आहे. ‘गेले’ही बरोबर आहे, पण ते एकटेच बरोबर नाही, आणि पानाने मुलांना तसे सांगायला नको होते. मुलगा आणि मुलगी मिळून मराठीत ‘मुले’ होतात आणि मुले ‘गेली’. ते नपुंसकलिंगी अनेकवचन. पंचाईत अशी की ‘मीना गेली’ आणि ‘मुले गेली’ यांतले ‘गेली’ दिसायला सारखेच. म्हणून तपासणाऱ्याला वाटते, मुलीने राजूला वाऱ्यावर सोडले आणि शेवटच्या मीनापुरते क्रियापद लावून टाकले. एखाद्या मुलाने तसे केलेही असेल. पण ते रिकाम्या जागेतल्या एका शब्दावरून ओळखता येत नाही, समोर बसवून ‘कितीजण गेली गं?’ असे विचारावे लागते. तेव्हा पुढच्या अंकात ‘गेली’ही चालेल एवढी दुरुस्ती छापावी, ही पहिली विनंती. बाकीचे पत्र त्या सदराचे काम पाहणाऱ्यांसाठी आहे.

माझी बहुतेक नोकरी मेळघाटात, धारणी तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांत गेली. वर्गात कोरकू बोलणारी मुले जास्त. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीची ना बहीण ना मावशी. तिच्यात पुल्लिंग-स्त्रीलिंग-नपुंसकलिंग हा आपला पसारा नाही, सजीव-निर्जीव असा भेद आहे. मात्र सजीवांसाठी एक, दोन आणि अनेक अशी तीन वचने आहेत. (संस्कृतच्या तासाला ज्या द्विवचनाने आपल्याला घाम फोडला, ते या मुलांच्या तोंडी दुधाच्या दातांपासून.) त्यामुळे ‘इथे दोघे आहेत’ हे त्यांना समजवावे लागत नाही. अडते ते ‘गेला, गेली, गेले, गेल्या’च्या गुंत्यात. त्यांच्यासाठी वाट शोधताना माझ्या लक्षात आले की मराठीतही दोघांसाठी एक खास खोली राखून ठेवलेली आहे, आपण वर्गात तिचे दार उघडतच नाही. ते म्हणजे दोघे, दोघी आणि बोलताना शेवटचा ‘अ’ लांबवून म्हटलेले दोघं.

सोनू आणि बाळू फळ्यापाशी उभे केले की मुले आपसूक म्हणतात, ‘ते दोघे’. मीना आणि सलमा असतील तर ‘त्या दोघी’. सोनू आणि मीना असतील तर ‘ती दोघं’. एवढे तोंडातून निघाले की क्रियापद आपले आपण जागेवर बसते : ते दोघे हसले, त्या दोघी हसल्या, ती दोघं हसली. मी वाक्य मुद्दाम लांब म्हणून घेत असे, ‘सोनू आणि मीना, ती दोघं, हसली’. काही दिवस तसेच लिहूनही घ्यायचे. मग मधले ‘ती दोघं’ डस्टरने पुसायचे आणि उरलेले वाक्य वाचायला लावायचे. नियम सांगायची पाळी येत नाही. पुढे तिघे-तिघी-तिघं, चौघे-चौघी, त्यानंतर पाचजण, पाचजणी. कोणी मूल सोनू आणि मीनासाठी ‘ते दोघे हसले’ म्हणाले तर तेही चालू द्यावे, कितीतरी घरांत तसेच बोलतात. आई-बाबांच्या बाबतीत तर मानाचे ‘गेले’च शोभते.

तरी माझा आग्रह असा, की सुरुवात भूतकाळाने करूच नये. आपल्या सरावाची खरी चूक मला तिथे दिसते. मराठीत वर्तमानकाळाच्या अनेकवचनात लिंग पुसले जाते. राजू जातो, मीना जाते, पण दोघे असोत, दोघी असोत की बैल आणि म्हैस असो, सगळे ‘जातात’. भविष्यकाळातही सगळे ‘जातील’. म्हणजे आधी फक्त ‘एकापेक्षा जास्त झाले की क्रियापद बदलते’ एवढीच गोष्ट शिकवता येते, आणि लहान मुलांची खरी चूकही तिथेच असते. ती ‘बैल आणि म्हैस चरते’ लिहितात, ‘आहेत’च्या जागी ‘आहे’ लिहितात. लिंगाचा गुंता नंतर आणावा. मात्र शिक्षकाने वाक्ये निवडताना जपावे. ‘राजू आणि मीना उभे आहेत’ हे वाक्य दिसते सोपे, पण ‘उभे’ की ‘उभी’ म्हणत लिंग मागच्या दाराने आत येते. पहिले काही आठवडे हसतात, बसतात, पळतात, खातात यांवर भागवावे.

वाक्ये जोडायला देतानाही असेच. ‘राजू हसतो. मीना हसते.’ यांचे ‘राजू आणि मीना हसतात’ करणे सगळ्याच वह्यांत असते. उलटे काम, म्हणजे एका वाक्याची दोन करणे, क्वचित दिसते. ते करून पाहिले की गंमत कळते. ‘राजू आणि मीना भांडतात’ याची दोन वाक्ये करा म्हटल्यावर मुले ‘राजू भांडतो. मीना भांडते.’ लिहितात आणि मग थांबतात, कोणाशी? इथे दोघे मिळून एकच गोष्ट करत आहेत, हे त्यांना फळ्यावर न लिहिता कळते. याच जागी ‘मीना राजूबरोबर बाजारात गेली’ हे वाक्य द्यावे. गेले दोघेही, पण कर्ता एकटी मीना. इथे ‘गेले’ लिहिणारी मुले हुशार असतात, ती वाक्याऐवजी चित्र पाहत असतात. त्यांना रागावू नये.

मुलींच्या वह्यांत एक चूक मुलांपेक्षा जास्त सापडते आणि तिचे कारण फारसे कोणी पाहत नाही. ‘मी आणि आई बाजारात गेले.’ आमच्या वऱ्हाडात ‘गेली’, पुण्याकडे ‘गेले’, एवढाच फरक. मुलगा ‘मी गेलो’ म्हणतो आणि ‘मी आणि बाबा गेलो’ लिहितो. त्याचे बरोबर येते, पण ते फुकटात, कारण ‘मी’चे आणि ‘आम्ही’चे रूप त्याच्यासाठी एकच आहे. मुलीला मात्र ‘गेले’वरून ‘गेलो’वर उडी मारावी लागते, आणि ‘गेलो’ तर तिला मुलग्याचे वाटते! तिला ‘मी आणि आई, आम्ही’ असे म्हणायला लावले की काम होते. ‘तू आणि पिंटू’ म्हटले की ‘तुम्ही’. ‘तू ये’चे ‘तू आणि पिंटू या’ होते, हे तर मुले अंगणात खेळता खेळता बोलतातच. ‘किंवा’ने जोडलेल्या कर्त्यांची घाई करू नये. ‘आई किंवा बाबा येतील’ ठीक आहे, पण ‘तू किंवा मी’ पुढे काय लिहावे यावर मोठी माणसेही अडखळतात आणि ‘तू जा, नाहीतर मी जाते’ म्हणून सुटका करून घेतात. तीच सुटका मुलांनाही द्यावी.

निर्जीव वस्तूंचे तर चौथीपर्यंत नावच काढू नये. ‘पेन आणि वही हरवली’ असे आपण सगळे म्हणतो, ‘वही आणि पेन हरवले’ असेही म्हणतो. क्रियापद जवळच्या वस्तूचा हात धरते. हे कानाने येते, तक्त्याने येत नाही.

या सगळ्याचा गणिताशी संबंध आहे, असे म्हटले की गणिताचे शिक्षक हसतात. ‘राजू आणि मीनाने ६ पेरू आणले’ या वाक्यावर तिसरीच्या वर्गाला विचारून पाहा, एकूण पेरू किती? काही मुले ६ म्हणतील, काही १२. बारा म्हणणाऱ्यांनी वाक्य मनातल्या मनात मोडून दोन केले : राजूने ६ आणले, मीनाने ६ आणले. त्यांची बेरीज चुकलेली नाही. ‘मिळून’ आणि ‘प्रत्येकी’ हे दोन शब्द भाषेच्या तासाला हाताळले असते तर ती तिथे अडली नसती. निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झाले, त्यात वाचन आणि अंकगणित एकत्र धरले आहे, पण शाळेत दोघांच्या वह्या वेगळ्या आणि तासही वेगळे. वाक्य समजणे नेमके कोणत्या तासाला येते?

शेवटची सूचना आपल्या पानापुरती. सरावात रिकामी जागा क्रियापदाची ठेवू नका, कर्त्यांची ठेवा. ‘....... आणि ....... भांडत होत्या.’ पर्याय देऊ नका, तळाशी उत्तर छापू नका. ‘होत्या’ वाचून मुलाला दोन स्त्रीलिंगी नावे स्वतः शोधावी लागतात, आणि अंदाजाने गोल करायची सोय राहत नाही. माझ्या वर्गात यावर ‘आजी आणि कोंबडी भांडत होत्या’ असे एकीने लिहिले होते, दुसऱ्याने ‘मांजर आणि उंदीर भांडत होत्या’. पहिल्या वाक्यात बोट ठेवायला जागा नाही. दुसऱ्यावर आमचा अर्धा तास गेला, कारण मांजर ‘ती’ की ‘ते’ यावर वर्गात दोन तट पडले आणि उंदराचे स्त्रीलिंग कोणालाच सुचेना. आलेल्या उत्तरांतली निवडक आपण पानावर छापलीत, तर इतर मुले ती नक्की वाचतील.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, परतवाडा