युनियनचा जमाखर्च सभासदांच्या हाती द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि तेव्हापासून संपाची पूर्वसूचना, सरकारच्या परवानगीविना कामगारकपात करण्यासाठीची ३०० कामगारांची मर्यादा, मुदतीच्या नेमणुका या प्रश्नांवर वृत्तपत्रांतून बरेच लिहून आले. ते यायलाच हवे होते. मात्र या चर्चेत कामगार संघटनांच्या स्वतःच्या पैशाविषयी, म्हणजे सभासदांच्या पगारातून कापल्या जाणाऱ्या रकमेचे पुढे काय होते याविषयी, फारसे कोणी बोलत नाही. मी सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात कामाला असून बरीच वर्षे युनियनचा सभासद आहे. हा विषय मालकांच्या हाती जाण्याआधी कामगारांनीच मांडला पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

महिन्याची वर्गणी तशी किरकोळ असते. मोठा पैसा जमतो तो वेतनकराराच्या वेळी. बोलणी रखडतात, मागील महिन्यांचा फरक एकरकमी मिळतो आणि त्याच फरकातून ठरावीक रक्कम ‘करार निधी’ म्हणून कापून युनियनकडे वळती केली जाते. ती द्यायला बहुतेकांची ना नसते, कारण कराराच्या बोलण्यांसाठी समितीच्या मंडळींनी किती रात्री घालवलेल्या असतात हे सगळ्यांनी पाहिलेले असते. आमच्याकडे गेल्या कराराच्या वेळी ही कपात पगाराच्या स्लिपवर एका ओळीत दिसली. पावती मात्र कोणालाच मिळाली नाही. पुढच्या सर्वसाधारण सभेत जो जमाखर्च वाचला गेला, तो एका पानाचा होता. जमेला ‘वर्गणी व देणग्या’ अशी एकच रक्कम, आणि खर्चाला कोर्टकचेरी, प्रवास, सभा-मेळावे यांच्यानंतर सर्वांत मोठा आकडा ‘इतर खर्च’ या नावाखाली. पहिली पाळी सुटून दुसरी आत शिरत असताना गेटवर माइकवरून तो वाचला गेला, पुढच्या रांगेतून ‘मंजूर, मंजूर’ असा आवाज उठला आणि सभा पुढच्या विषयाकडे गेली. नंतर त्या पानाची प्रत मागायला गेलेल्या तरुण सभासदांना ‘तुम्हाला कोणी पाठवलं?’ असे विचारण्यात आले.

कोणी पैसे खाल्ले असा आरोप मी करीत नाही; तसे म्हणण्यास माझ्यापाशी काही आधार नाही. परंतु हिशेब झाकून ठेवला की सचोटीने काम करणारा खजिनदारही कँटीनमधल्या कुजबुजीचा विषय होतो, आणि ही कुजबुज व्यवस्थापनाच्या कानावर सर्वांत आधी जाते. पुढच्या कराराच्या टेबलावर आपली माणसे बसतील तेव्हा त्यांच्या पाठीशी कामगार किती एकदिलाने उभे आहेत, याचा अंदाज समोरचा पक्ष अशाच गोष्टींवरून बांधत असतो.

कायद्याने सभासदाला या बाबतीत वाऱ्यावर सोडलेले नाही. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने युनियनचा सर्वसाधारण निधी कोणत्या कामांवर खर्च करता येईल याची यादी घालून दिली, राजकीय कामासाठी वेगळा आणि ऐच्छिक निधी ठेवायला लावला, लेखापरीक्षण झालेले वार्षिक विवरण निबंधकांकडे पाठवणे बंधनकारक केले आणि हिशेबाच्या वह्या तपासण्याचा अधिकार साध्या सभासदालाही दिला. तो कायदा आता नव्या संहितेत विलीन झाला असला तरी वह्या पाहण्याचा हा हक्क कायम आहे. युनियनच्या मान्यतेविषयीच्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्याने तर मान्यताप्राप्त युनियनच्या नियमांत कार्यकारिणीची बैठक किमान तीन महिन्यांतून एकदा व्हावी, प्रत्येक ठराव इतिवृत्ताच्या वहीत नोंदवला जावा आणि सरकारने नेमलेल्या लेखापरीक्षकाला दरवर्षी हिशेब तपासता यावा, अशा अटी घातल्या. उणीव अंमलबजावणीत राहिली. १९२६ च्या मूळ कायद्यात विवरण न पाठवल्याबद्दलचा दंड ५ रुपयांपासून सुरू होत होता आणि कितीही आठवडे उलटले तरी एकूण ५० रुपयांच्या वर जात नव्हता. इतक्या दंडाची भीती कोणाला वाटणार?

हिशेबाचे हे बंधन म्हणजे सरकारने चळवळीवर बसवलेला जाच आहे, असे आमचे काही जुने कार्यकर्ते म्हणतात. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर राखून मला इतिहासाकडे बोट दाखवावेसे वाटते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणले तेव्हा त्यांच्या संघटनेला ना वर्गणी होती, ना निधी, ना लेखी नियम. आणि त्या काळात ते समजण्यासारखे होते. पुढे मद्रासच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांतील तंट्यात युनियनचे पुढारी बी. पी. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मालकांनी कोर्टात खेचले, तेव्हा युनियनला कायद्याचे संरक्षण नसेल तर पुढारी कसे अडकतात हे सगळ्या देशाला दिसले. ना. म. जोशी यांनी १९२१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात हा प्रश्न लावून धरला आणि त्यातूनच १९२६ चा कायदा आला. संपामुळे होणाऱ्या दिवाणी दाव्यांपासून आणि कटाच्या फौजदारी आरोपापासून नोंदणीकृत युनियनला संरक्षण मिळाले ते याच कायद्याने, आणि हिशेब देण्याची जबाबदारी आली तीही याच कायद्याने. संरक्षण तेवढे घ्यायचे आणि जबाबदारी नाकारायची, हे आपल्याला शोभत नाही.

हिशेब फलकावर लावला तर संपासाठी आपल्याकडे किती दिवसांची शिदोरी आहे हे मालकाला कळेल, हा दुसरा आक्षेप. तो मी पूर्वी गंभीरपणे घेत असे. आता घेत नाही. वर्गणी पगारातून कापून देणारे व्यवस्थापनच असते, त्यामुळे सभासद किती आणि जमा किती हे त्याला आपल्या आधी ठाऊक असते. करार निधीही त्याच्याच लेखा विभागातून आपल्याकडे येतो. म्हणजे या सगळ्यात अंधारात राहतो तो फक्त सभासद.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. करार निधी सर्वसाधारण वर्गणीत न मिसळता वेगळा दाखवावा आणि प्रत्येक कपातीची पावती द्यावी. लेखापरीक्षित जमाखर्च सभेच्या निदान आठ दिवस आधी कँटीनच्या सूचना फलकावर लावावा, आणि ‘इतर खर्च’ या नावाखाली किरकोळ रकमेपेक्षा अधिक काही दाखवू नये. निबंधकांनी आपल्याकडे आलेली वार्षिक विवरणे संकेतस्थळावर टाकावीत. आज त्यांची प्रत मिळवायची तर माहिती अधिकाराचा अर्ज करून वाट पाहत बसावे लागते, आणि पाळीत काम करणाऱ्या माणसाला त्यासाठी रजा घालवावी लागते. आमचा सध्याचा करार लवकरच संपतो आहे. नवे मागणीपत्र व्यवस्थापनाला देण्यापूर्वी मागच्या करार निधीचा संपूर्ण हिशेब समितीने सभासदांसमोर ठेवावा, अशी या पत्राद्वारे माझी जाहीर विनंती आहे.

आपला,
एक सभासद कामगार,
सातपूर, नाशिक